दौंडची रेल्वे, रांजणगावचे कारखाने आणि कामाचा दरवाजा

(संस्थेच्या वार्षिक समारंभात शिरूर येथे केलेले भाषण)



मी दौंडचा. सारी हयात शाळेत गेली. निवृत्त मास्तराच्या हाती ध्वनिक्षेपक दिला की तो वेळेवर थांबत नाही, हा सर्वांचा अनुभव असूनही आपण मला बोलावलेत हे विशेष. चिटणीस साहेबांनी 'गुणवत्तेचे महत्त्व' असा विषय सुचवला होता. बक्षीस समारंभाला तो शोभतोही. परंतु गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी भेटला, आणि त्याने विचारलेल्या एका प्रश्नामुळे तो विषय मला बाजूला ठेवावा लागला. साहेबांची मी माफी मागतो.

हा मुलगा आयटीआयचा फिटर आहे. शाळेत गणितात त्याचा पहिला-दुसरा नंबर असे. चार वर्षे तो एका कारखान्यात काम करतो. कारखान्याचे नाव घेत नाही, कारण ही गोष्ट एका कारखान्याची नाही. त्याच लाईनवर त्याच्या शेजारी उभा राहणारा, तेच नट आवळणारा माणूस परमनंट आहे. दोघांच्या पगारात दुपटीहून जास्त अंतर आहे. एकाच्या ओळखपत्रावर कंपनीचे नाव, दुसऱ्याच्या ओळखपत्रावर ठेकेदाराचे. चार वर्षांत त्याचे तीन ठेकेदार झाले. यंत्र तेच, पाळी तीच, सुपरवायझर तोच. कागदावरचा मालक मात्र बदलत राहिला. सात महिने भरत आले की काही दिवस घरी बसायचे आणि पुन्हा नव्याने हजर व्हायचे. त्याने मला विचारले, "सर, माझ्या कामात काही कमी आहे का?"

कमी काहीच नव्हते. हे त्याला सांगितले, पण तेवढ्याने त्याचे समाधान झाले नाही आणि माझेही झाले नाही. एकाच कामाला दोन दाम कसे पडतात, आणि कोणाला कोणता दाम हे कोण ठरवतो, याचा विचार करू लागलो तेव्हा मला माझे दौंडचे स्टेशन आठवले. आज मी त्याच विषयावर बोलणार आहे.

पण त्याआधी आपले घोडनदी. शिरूरकरांना शिरूरचा इतिहास सांगणे हे धाडसच, तरी सांगतो. १८१७ च्या पुणे तहानंतर जे घोडदळ उभे राहिले आणि पुढे पूना हॉर्स या नावाने प्रसिद्धीस आले, त्याचे ठाणे बराच काळ येथील छावणीत होते. अशा घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. जो दुसऱ्याच्या घोड्यावर बसून चाकरी करी तो बारगीर. घोड्यापोटी मिळणारी रक्कम घोड्याच्या धन्याकडे जाई आणि बारगिराच्या हाती उरेल तेवढे पडे. लढाईत गोळी मात्र दोघांना सारखीच लागे. माझ्या विद्यार्थ्याला मी हे सांगितले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "म्हणजे सर, मी बारगीर."

रेल्वे आली तीही ठेकेदाराच्याच हातून. आपल्याच जिल्ह्यातल्या बोरघाटात मार्ग बांधायला घेतला तेव्हा मुख्य ठेका फॅव्हिएल नावाच्या इंग्रजाकडे होता. त्याच्याखाली पोटठेकेदार, त्यांच्याखाली मुकादम, आणि सर्वांत खाली दगड फोडणारा मजूर. वरून सुटलेला पैसा मजुरापर्यंत पोचता पोचता आटून जाई. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून घाटात मजुरांनी दंगल केली. तेव्हा आजच्या ठेकेदारीला कोणी 'नवी पद्धत' म्हटले की मला हसू येते. ती रुळांपेक्षाही जुनी आहे.

१८५८ च्या डिसेंबरात पुणे ते दिक्सळ गाडी सुरू झाली आणि दौंड या मार्गावर आले. १८७८ साली मनमाडकडे फाटा निघाला आणि दौंड जंक्शन झाले. १८७६-७७ च्या दुष्काळात या मनमाड मार्गाचे मातीकाम दुष्काळग्रस्तांच्या हातून करून घेतले होते. ज्यांनी पोटासाठी भराव टाकले, त्यांची नातवंडे पुढे याच रुळांवर गँगमन झाली असतील तर त्यात नवल नाही. परंतु ती ड्रायव्हर मात्र सहजासहजी झाली नाहीत, आणि त्याचे कारण कातडीचा रंग हे होते.

त्या काळच्या रेल्वेत कामाची उतरंड वंशावर रचलेली होती. अधिकारी विलायतेहून आलेला. मेल गाडीचा ड्रायव्हर युरोपियन किंवा अँग्लो-इंडियन, गार्ड बहुधा तसाच. इंजिनात कोळसा ओतणारा फायरमन, इंजिन पुसणारा खलाशी, सांधेवाला, गँगमन हे सारे आपले. हिंदुस्थानी माणूस ड्रायव्हर होतच नव्हता असे नाही. शंटिंगच्या इंजिनावर, मालगाडीवर तो हळूहळू पोचला. परंतु त्याचा पगाराचा दर्जा वेगळा, राहायला चाळ वेगळी, मुक्कामाची खोलीसुद्धा वेगळी. एकाच इंजिनावर चार-पाच फुटांच्या अंतराने उभ्या असलेल्या दोन माणसांना एकच धग लागत होती आणि दोघांच्या घरी जाणारा पैसा मात्र निराळा होता. १८९९ मध्ये जीआयपी रेल्वेच्या हिंदुस्थानी तारबाबूंनी संप केला, टिळकांच्या 'केसरी'ने त्यांची बाजू उचलून धरली, पण तो संप यशस्वी झाला नाही.

ही केवळ आपल्या लोकांची तक्रार होती असे कोणी समजू नये. खुद्द सरकारनेच सर विल्यम अॅकवर्थ यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली आणि तिचा अहवाल १९२१ साली आला. रेल्वेत तेव्हा सुमारे ७ लाख १० हजार माणसे होती. त्यांपैकी युरोपियन सुमारे ७ हजार, म्हणजे शेकडा एक. समितीने त्यांना पेल्यातल्या पाण्यावर तरंगणाऱ्या तेलाच्या पातळ थराची उपमा दिली: वर पसरलेला, पण खालच्या पाण्यात न मिसळणारा. सर्वांत वरच्या जागांवर एकही हिंदुस्थानी माणूस नव्हता, हेही तिने नोंदवले. समितीचे अध्यक्ष इंग्रज होते, हे विशेष.

पुढे कायद्याने या भेदाला आणखी एक टेकू दिला. १९३५ च्या गव्हर्न्मेंट ऑफ इंडिया अॅक्टाच्या २४२ व्या कलमात असे घातले की रेल्वेत भरतीचे नियम करताना अँग्लो-इंडियन समाजाचा रेल्वेशी असलेला पूर्वापार संबंध, त्यांच्याकडे असलेल्या जागांचा प्रकार आणि प्रमाण, एवढेच नव्हे तर त्या जागांचा पगारही ध्यानात घ्यावा. त्याच सुमारास, ४ जुलै १९३४ च्या सरकारी ठरावाने, मध्यवर्ती नोकऱ्यांतील थेट भरतीत मुसलमानांसाठी २५ टक्के जागा ठेवल्या होत्या. स्वातंत्र्यानंतर ती तरतूद राहिली नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण आपण आपल्याला न मिळालेलेच तेवढे लक्षात ठेवतो.

आता या गोष्टीची दुसरी बाजू, आणि माझ्या मते तीच आपल्या कामाची आहे.

राज्यघटनेच्या ३३६ व्या कलमाने अँग्लो-इंडियन समाजाच्या रेल्वे, कस्टम, टपाल व तार खात्यांतील राखीव जागा एकदम काढून घेतल्या नाहीत. पहिली दोन वर्षे पूर्वीप्रमाणे, नंतर दर दोन वर्षांनी दहा टक्के कमी, आणि दहा वर्षांनी, म्हणजे १९६० च्या जानेवारीत, सर्व बंद. दौंडच्या रेल्वे वसाहतीत अशी कुटुंबे मी लहानपणी पाहिली आहेत. ती माणसे श्रीमंत नव्हती. ड्रायव्हरचा हात काळाच असतो, मग तो कोणाचाही असो. संध्याकाळी ओट्यावर बसून माउथ ऑर्गन वाजवणारे एक गृहस्थ होते, ते आम्हा पोरांना लिमलेटच्या गोळ्या देत. मोठा झाल्यावर मला एक गोष्ट कळली. मुलगा सोळा-सतरा वर्षांचा झाला की त्याला रेल्वेत जागा आहेच, ही त्या वसाहतीतली पिढ्यानुपिढ्यांची खात्री होती. मग मॅट्रिकच्या पुढे कशाला शिकायचे? दरवाजा उघडा होता म्हणून किल्लीची कोणाला गरज वाटली नाही. दहा वर्षांत दरवाजा लागत आला तेव्हा फार थोड्यांच्या हाती पदवी होती. ज्यांना जमले ते इंग्लंडला, ऑस्ट्रेलियाला गेले. ओट्यावरचे ते गृहस्थही एके दिवशी दिसेनासे झाले.

हे मी आपल्याला का सांगतो? आपल्या मोहल्ल्यातही असाच एक उघडा दरवाजा आहे म्हणून. गॅरेज आहे, वेल्डिंग आहे, बेकरी आहे, फळांची गाडी आहे. आठवीतला मुलगा मामाच्या गॅरेजवर जातो, सोळाव्या वर्षी त्याच्या खिशात रोज पैसे खुळखुळतात, आणि त्याचा दहावीला बसलेला मित्र बापाकडे वहीला पैसे मागत असतो. मोहल्ला गॅरेजवाल्याचे कौतुक करतो. हुनराची मी निंदा करत नाही, माझे स्वतःचे वडील सुतार होते. पण तिसाव्या वर्षी या दोघांना शेजारी उभे करून पाहा. एकाची आजारात मजुरी बुडते, दुसऱ्याची रजा भरते. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवले आहे की मुसलमान कामगारांपैकी सुमारे ६१ टक्के स्वतःच्या लहानसहान धंद्यात आहेत. हिंदू कामगारांत हे प्रमाण सुमारे ५५. धंदा करणे वाईट नव्हे. दुसरा कोणताच दरवाजा माहीत नाही म्हणून केलेला धंदा मात्र निराळा.

आणि इकडे सरकारी दरवाज्याची उंची वाढली आहे, हे पुष्कळ पालकांना ठाऊक नाही. एके काळी खलाश्याची भरती दंड पाहून होत असे. आज रेल्वेतल्या सर्वांत खालच्या पायरीसाठीही दहावी पास लागते. सातव्या वेतन आयोगाने त्या पायरीचे मूळ वेतन १८,००० रुपये ठरवले, त्यावर महागाई भत्ता वगैरे निराळे. २०१९ साली या पायरीच्या १ लाख ३ हजार ७६९ जागा निघाल्या तेव्हा १ कोटी १५ लाखांवर अर्ज आले. आठवीत शाळा सोडलेल्या मुलाला त्या रांगेच्या शेपटालाही उभे राहता येत नाही.

याच सच्चर समितीचे रेल्वेविषयीचे आकडे तुम्ही ऐकले असतील. सुमारे १४ लाख कर्मचाऱ्यांत मुसलमान सुमारे ६४ हजार, म्हणजे साडेचार टक्के; आणि त्यांतले ९८.७ टक्के खालच्या पायऱ्यांवर. हा दुसरा आकडा व्यासपीठावर फार टाळ्या घेतो. मी जरा वेगळे सांगतो. रेल्वेत कोणत्याही समाजाची बहुसंख्य माणसे खालच्या पायऱ्यांवरच असतात. अधिकारी सगळ्यांचेच मूठभर. तेव्हा त्या आकड्यावर फार रागावण्यात अर्थ नाही. विचार करायला लावणारा आकडा साडेचार हा आहे, कारण २००१ च्या जनगणनेत लोकसंख्येतले प्रमाण १३.४ टक्के होते. भेद पायरीवर होण्याआधी दरवाज्यात होतो.

मग पालक म्हणतात, "मास्तर, नाव पाहून घेत नाहीत, शिकवून उपयोग काय?" हे म्हणणे मी उडवून लावणार नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल या दोन अभ्यासकांनी २००७ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. खासगी कंपन्यांच्या वर्तमानपत्रांतील जाहिरातींना त्यांनी सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले, बदलले फक्त नाव. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश निघाली, आणि मुसलमान नावाला एक-तृतीयांश. म्हणजे तक्रार खरी आहे, आणि ती एकट्या आपली नाही. शेजारच्या वस्तीतल्या आंबेडकरी तरुणाचे दुःख आपल्या दुःखाचेच भावंड आहे. परंतु एकाला तिघांइतके अर्ज करावे लागतात, याचा अर्थ अर्जच करू नये असा होत नाही.

रांजणगावच्या, कुरकुंभच्या वसाहतीत ठेकेदाराच्या रांगेत मात्र मी एक उलटीच गोष्ट पाहिली. तेथे नाव कोणी विचारत नाही. मराठवाड्याचा, विदर्भाचा, बिहारचा, आपला, सगळे एका रांगेत. ठेकेदाराला सकाळी सातला अमुक इतके हात हवे असतात, बस्स. आपली पोरे त्यावर खूष असतात. पण हा सताड उघडा दरवाजा ओसरीपर्यंतच जातो. आतल्या खोलीचा दरवाजा निराळा आहे. देशातल्या नोंदलेल्या कारखान्यांत ठेकेदारामार्फत घेतलेले कामगार या शतकाच्या आरंभी शेकडा २० च्या आसपास होते, आता ते ४० च्या वर गेले आहेत, असे सरकारच्याच वार्षिक उद्योग पाहणीत दिसते. पूर्वी वंश पाहून दोन दाम ठरत. आज ओळखपत्रावर कोणाचे नाव आहे ते पाहून ठरतात.

ओसरीच्याही बाहेर राहणारे आहेत, त्यांच्याबद्दल चार वाक्ये बोलतो. हंगामात आपल्या दोन्ही तालुक्यांत बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. बाई पहाटेपासून मोळ्या बांधते, पण तिची मजुरी म्हणून वेगळा पैसा कोणी मोजत नाही. समोर बसलेल्या मुलींनी हे लक्षात ठेवावे.

माझ्या विद्यार्थ्याकडे परत येतो. त्याला मी कायदा समजावून सांगितला. सात महिन्यांनी घरी बसवण्यामागे २४० दिवसांचा हिशेब आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने वर्षात इतके दिवस काम केलेल्याला सलग नोकरीचे काही हक्क दिले होते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या नियमांत तर स्पष्ट होते की ठेकेदाराचा कामगार कारखान्याच्या कामगारासारखेच काम करत असेल तर त्याचा दरही तोच हवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली पंजाब सरकार विरुद्ध जगजीत सिंग या खटल्यात सरकारी खात्यांतल्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांबाबत समान कामाला समान वेतन हे तत्त्व मान्य केले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्यांच्या जागी चार नव्या कामगार संहिता आल्या, आणि त्यांत प्रत्येक कामगाराला नेमणुकीचे पत्र द्यावे असे म्हटले आहे. सगळे ऐकून घेऊन तो म्हणाला, "सर, पण माझे काम परमनंटसारखेच आहे हे दाखवायचे कसे? माझ्याकडे कागदच नाही."

हे ऐकून मी गप्प झालो. चार वर्षे काम केलेल्या मुलाकडे नेमणुकीचे पत्र नव्हते. पगाराच्या पावत्या दोनच होत्या, त्याही पावसात भिजलेल्या. भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक ठेकेदाराच्या माणसाकडे. आपल्याच निधीत किती जमा आहे हे त्याने कधी पाहिलेले नव्हते. आम्ही त्याला शाळेत त्रिकोणमिती शिकवली, आणि पगाराची पावती कशी वाचायची हे शिकवले नाही. हा दोष माझाही आहे.

आम्ही दोघे दोन रविवार बसलो. त्याच्या मोबाईलवर निधीचे खाते उघडले, तेव्हा तीन ठेकेदारांपैकी दोघांनी पैसे भरलेले दिसले, तिसऱ्याचे अकरा महिने कोरे होते. तक्रारीचा अर्ज त्याने स्वतःच्या हाताने लिहिला, शुद्धलेखन तेवढे मी तपासले. त्याचे अजून उत्तर आलेले नाही. त्याच वेळी त्याने रेल्वेच्या तंत्रज्ञ पदाच्या परीक्षेचा अभ्यास सुरू केला आहे. रात्रपाळी असली की दुपारी दोन तास पुस्तक घेऊन बसतो. होईल न होईल, मी त्याला काही वचन दिलेले नाही.

चिटणीस साहेब, आपल्या संस्थेला माझी एकच विनंती आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी शाळेची एक खोली सकाळी उघडी ठेवावी. रांजणगावला, सणसवाडीला, कुरकुंभला जाणाऱ्या मुलांनी, मग ती या शाळेची असोत किंवा नसोत, कोणत्याही समाजाची असोत, आपली पगाराची पावती, नेमणुकीचे पत्र असेल तर ते, आणि निधीचा क्रमांक घेऊन यावे. दहावीतल्या मुलांनाही तेथे बसवावे, म्हणजे त्यांना आधीच कळेल. मी दौंडहून सकाळच्या एसटीने येईन. चौफुल्याला गाडी बदलावी लागते, तेव्हा अर्धा तास उशीर झाला तर सांभाळून घ्यावे.

बक्षिसांसाठी मुले खोळंबली आहेत, म्हणून आपली रजा घेतो.